फुग्याचा रॅम्प

फुगा नावाच्या म्हाताऱ्या कुत्र्याला दारापुढच्या तीन पायऱ्या उतरवेनात, म्हणून नातीने रॅम्प करायला सुताराला बोलावलं. वही आणि कोनमापक घेऊन ती तयारच होती. त्या पायऱ्या गेले दोन महिने आजोबांनीही उतरल्या नव्हत्या, पण काठीचं नुसतं नाव काढलं, की ते उसळायचे, "मला काय धाड भरलीय?"

आज मात्र ते खुर्ची ओढून सुताराच्या डोक्यावरच येऊन बसले.

"चढ कमी ठेव बाबा. गुडघे दुखतात त्याचे."

"ठेवतो."

"वर खरखरीत पट्टी मार. आणि एका बाजूने कठडा हवा."

"कुत्र्याला कठडा कशाला, आजोबा?" सुताराने विचारलं.

"तोल जातो त्याचा."

नातीने फुग्याकडे पाहिलं. तो तिच्या बुटावर हनुवटी टेकून घोरत होता.

सुताराने कानावरची पेन्सिल काढली. "फळी किती जाड घ्यायची, ते वजनावर ठरेल. कुत्रा किती किलोचा?"

नात 'सहा' म्हणायला तोंड उघडतेय, तोच आजोबा बोलले.



"अडुसष्ट. चपला घालून."