कोरडे कान

सुनेनं उच्च शिक्षण घ्यावं याबद्दल रहांगडाल्यांच्या घरात दुमत नव्हतं. फक्त त्यासाठी तिनं कॉलेजात जाऊ नये. पोटुशी योगेश्वरी रसायनशास्त्रात एमएस्सी करून तिरोड्याच्या वीजप्रकल्पात केमिस्ट होणार म्हणत होती. "एमए कर. घरी बसून होते," सासरे म्हणाले. तेवढ्यात सासू रामकली चिंच घेऊन आली. "कायचे डोहाळे लागले, बाई?" "एमएस्सीचे," योगेश्वरी म्हणाली. रामकली थबकली. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "जाऊ द्या तिले," ती नवऱ्याला म्हणाली, "नातवाचा कान वाहला तं तुमी पुसाल काय?" दुसऱ्याच दिवशी प्रवेश झाला. हिवाळ्यात बाळ झालं. रामकलीनं कापसाचा बोळा फिरवून दोन्ही कान तपासले, कोरडे निघाले. "पुरले डोहाळे," ती म्हणाली, "आता कालेज कायले?" एमएस्सी दोन वर्षांची असते.