नवनाथच्या नावावर

रविवारी सकाळी सात वाजता फुटबॉलचा अंतिम सामना सुरू झाला तेव्हा नवनाथ सरवदे मैदानाबाहेर बाकावर होता. पायात बूट होते. लेस घट्ट बांधलेली होती.

"बूट कशाला घातलेत, पप्पा?" धम्मप्रियाने विचारलं.

"सवय हाय."

धम्मप्रिया त्याची मुलगी, शाळेत शिक्षिका. गेले सहा रविवार ती त्याच्यासोबत येत होती, तो आत उतरू नये म्हणून. तिच्या खांद्यावरच्या पिशवीत हॉस्पिटलची फाईल असायची. फिरत्या पट्ट्यावर पळवून केलेल्या तपासणीत हृदयात दोष निघाला होता. पळणं बंद, रोज दोन गोळ्या आणि पुढची तपासणी ताबडतोब, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं. ती पुढची तपासणी फायनलनंतर करू, असं नवनाथ म्हणत होता.

पहिल्या तपासणीलाही तो तयार नव्हता. तीन वर्षांपूर्वी त्याच हॉस्पिटलात त्याची बायको मुक्ताबाई गेली होती. धम्मप्रिया वर्षभर मागे लागली. शेवटी शिवानंद बिराजदार म्हणाला, "मी नेतो त्याला. तू शाळेत जा." संध्याकाळी दोघं फाईल घेऊन आले.

दोघं एकोणसाठ वर्षांचे. भवानी पेठेत एका गल्लीत वाढले. मागावरचं टाकाऊ सूत गुंडाळून केलेला त्यांचा पहिला चेंडू पावसात भिजला की दगडासारखा जड व्हायचा. अकराव्या वर्षी नवनाथच्या शाळेचा मोठा सामना होता आणि त्याला ताप आला. दुसऱ्या शाळेतला शिवानंद नवनाथचं ओळखपत्र घेऊन मैदानात उतरला. फोटो पुसट होता. त्याने दोन गोल केले. प्रमाणपत्र नवनाथच्या नावाचं मिळालं. ते अजून नवनाथच्या भिंतीवर आहे.

पुढे नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, रविवारचा खेळ सुटला नाही. मुक्ताबाई गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी शिवानंद दारात येऊन उभा राहिला, आणि नवनाथ बूट घेऊन निघाला. तेवढा दीड तास रडायला येत नाही, असं त्याने मुलीला सांगितलं होतं.

आज सामना सुरू होण्याआधी शिवानंद बाकापाशी आला. दोघांनी हात मिळवले. शिवानंदने नवनाथच्या बाटलीतलं पाणी घोटभर प्यायलं.

"शेवटचा," नवनाथ म्हणाला.

"व्हय रे. किती वेळा सांगशील?"

समोर अक्कलकोटचा संघ होता. पन्नाशीपुढचे सगळे, पण दमदार. दहाव्या मिनिटाला नवनाथ ओरडला, "शिवा, हळू! लई पळायलास बे!"

बाकाजवळच्या गोलमध्ये उभा असलेला त्यांच्याच संघातला अजिनाथ हसला. "नवनाथ, तुला बंदी हाय म्हणून सगळ्यांनीच चालत खेळायचं का?"

धम्मप्रियाही हसली. नवनाथ हसला नाही.

मध्यंतराला शिवानंद त्याच्याशेजारी येऊन टेकला. बनियन घामाने चिकटलं होतं.

"बस झालं," नवनाथ म्हणाला. "मी उतरतो तुझ्या जागी."

"पप्पा!" धम्मप्रियाने पिशवी उचलून दाखवली. "वाचून दाखवू का काय लिहिलंय ते?"

नवनाथने तोंड उघडलं. शिवानंदने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काका, तुम्हीच समजावा यांना. फुटबॉलशिवाय माणूस जगतोच की."

"जगत असेल," शिवानंद म्हणाला. "कसा ते आमाला कुणी शिकवलं न्हाय बघ."

शिट्टी वाजली. तो उठून गेला.

सात वाजून बावन्न मिनिटांनी शिवानंद मैदानाच्या मधोमध पडला. चेंडू त्याच्यापासून लांब होता. कुणी धक्का दिला नव्हता.

सर्वांत आधी नवनाथ पोचला. बाकापासून तिथपर्यंत तो एका दमात पळत गेला. मागून धम्मप्रिया ओरडत होती, "पप्पा, पळू नका!" तिने गाठून आधी वडिलांचंच मनगट धरलं. ठोके ठीक होते. छातीत दुखतंय का, तिने विचारलं. त्याने हात सोडवून घेतला.

अजिनाथच्या गाडीतून शिवानंदला हॉस्पिटलात नेलं. स्ट्रेचरमागे नवनाथ आत शिरला आणि डावीकडे वळला.

"हृदयाचा विभाग वरच्या मजल्यावर गेला, काका," दारावरचा सुरक्षारक्षक म्हणाला. "दोन वर्षं झाली."

वर अतिदक्षता विभागाचं दार बंद झालं. साडेआठला तरुण डॉक्टर बाहेर आल्या.

"यांना आधी काही त्रास होता? जुने रिपोर्ट आहेत?"

"काहीच नाही," धम्मप्रिया म्हणाली. "काका एकदम फिट आहेत. आजारी माझे वडील आहेत."

नवनाथने तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. फाईल बाहेर काढली.

"पप्पा, ती तुमची आहे."

शिवानंद शुद्धीवर आला नव्हता. नवनाथने फाईल डॉक्टरांच्या हातात दिली.

"नाव माझं हाय," तो म्हणाला. "पट्ट्यावर तो पळाला होता."