इंग्रजी जाणणारा जावई

प्रेमचंदभाईंना लेकीसाठी, जमनासाठी, इंग्रजी बोलणारा जावईच हवा होता. सुरतेच्या गिरणीत वर्षभर राहून आलेला रतिलाल मुलगी पाहायला आला, तेव्हा त्याची परीक्षा घ्यायला त्यांनी जमनाच्या मामांना, धुडकूमामांना, खास खांडबाऱ्याहून बोलावलं. मामा तिथे स्टेशनावर झेंडी दाखवायचे, म्हणजे साहेबाची भाषा जाणणारे घरातल्या पुरुषांत ते एकटेच.

ओसरीवर सगळे कान टवकारून बसले.

मामांनी मिशीला पीळ दिला. "ऑलराईट?"

"ऑलराईट!" रतिलाल छाती फुगवून म्हणाला.

मामांनी डोळे बारीक केले. "ऑल... राईट?"

"ऑलराईट, ऑलराईट," रतिलाल घाम पुसत काकुळतीला आला.

मामा मांडी थोपटून गरजले, "ऑलराईट!"

रतिलाल लाजला. "ऑलराईट," तो हळूच म्हणाला.

शाळेत इंग्रजी शिकलेल्या जमनाने दाराआड अख्खा पदर तोंडात कोंबला.

प्रेमचंदभाईंनी विचारलं, "काय मग, धुडकूभाऊ?"

मामांच्या जिवात जीव आला होता.

"नक्की करी टाका! पोऱ्या एकदम मन्हासारखं इंग्रजी बोलस. एक शब्द कमी नही, एक शब्द जास्ती नही!"