रिकामं माळरान

"चाचा, या सिनेमातली जनावरं कमी कमी का व्हायलीत?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून देविकानं भर शिकवणीत विचारलंच. तशी ती आज खुशीतच होती. भूकंपानंतर दोन महिने अंगणातल्या ताडपत्रीच्या पालात काढून आजपासून घरात झोपायचं होतं.

पोरांची भीती मोडावी म्हणून लातूरच्या त्या क्लासमध्ये दर शनिवारी शिकवणी घेणारे वाजिदचाचा भिंतीवर जुना मुका कार्टूनपट दाखवत. ससा-कासवाची शर्यत. पहिल्या शनिवारी ती बघायला अख्खं रान जमलं होतं. मग हरणं दिसेनाशी झाली, मग माकडं.

"रीळ तेच हाय, बेटा," चाचा म्हणाले, पण हसले नाहीत.

आज झाडाखाली ससाही नव्हता. कासव तेवढं होतं. शर्यतीकडे पाठ फिरवून, जमेल तितक्या घाईनं ते चित्राच्या कडेला निघालं होतं. तिथं थांबून त्यानं एकदा वर्गाकडे वळून पाहिलं आणि ते बाहेर पडलं.

भिंतीवर नुसतं माळरान उरलं. भूकंपाच्या आदल्या रात्री गल्लीतली कुत्री-मांजरंही अशीच निघून गेली होती.

देविका घरी पोचली तेव्हा आईबाबा पालाच्या दोऱ्या सोडत होते. तिनं बाबांचा हात धरला.

"मी आज आत झोपणार नाही, बाबा. आणि तुम्हालाही झोपू देणार नाही."