सात मेच्या वड्या

२०१९ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. अकोल्याच्या एका मोठ्या दुकानात गोदावरीबाई बचत गटाच्या मुगवड्यांच्या पाकिटांवरच्या तारखा भिंगातून वाचत होत्या.

"आजी, हे कावून घेता? चार दिवसांत मुदत संपते. मांगची घ्या, ताजी आहेत," दुकानातली चंदा म्हणाली.

"मुदत नाही व माय, कवा केल्या ते पाहून राहिली. सात मेच्या पाहिजेत. त्या माह्या जावेनं घातल्या, मैनाबाईनं. आठले सकाळी गेली ते."

चंदानं परत पाठवायच्या खोक्यातून आणखी दोन पाकिटं शोधून दिली.

पुढे चंदा लग्न होऊन बाळापूरला गेली. गोदावरीबाईंनी सगळ्या वड्या महिन्याभरात संपवल्या, आणि मैनाबाईच्या हाताला मीठ फार, असं शेवटच्या घासापर्यंत म्हणत राहिल्या.