पुलावरचे दिवे

अरुंद पुलाच्या तोंडाशी समोरच्या ट्रकने दिवे मारले, तशी परक्या मुलखातून गावात नव्यानेच आलेल्या नर्सने गाडी करकचून थांबवली. शेजारचे काका बाजूच्या सीटवर होते.

"बघा काका, तुमची माणसं! रोज असेच डोळे वटारतात. आमच्याकडे दिवे मारले म्हणजे 'थांब, मी येतोय'. म्हणून मी थांबते. पण मी दिवे मारले, तर हे खुशाल अंगावर येतात! एक दिवस याच पुलावर जीव जाईल माझा. नवऱ्याला सांगून टाकलंय, बदली घ्या, नाहीतर मी एकटी परत जाते."

ट्रक जागचा हलेना.

"अगं, तो तुझ्यासाठी थांबलाय," काका हळूच म्हणाले. "इथे दिवे मारले म्हणजे 'आधी तुम्ही'."

तिने गियर टाकला. पूल ओलांडताना ट्रकवाल्याने हसून हात केला.

"मग मी दिवे मारायचे, तेव्हा?"

"तेव्हा आम्ही निघायचो. गावात सगळे म्हणतात, नवी सिस्टर फार भली. स्वतः थांबते आणि दुसऱ्याला आधी जाऊ देते."