साठवलेलं म्हातारपण

यंत्राने हेमांगी तारळेकरचं मनगट सोडलं आणि पडद्यावर आकडा उमटला : साठ.

"शक्यच नाही!" गिरणीचे डॉक्टर उठून उभे राहिले. "रोजची गोळी घेणाऱ्याचं शरीर पंचविशीपुढे सरकत नाही. इथे नव्वदीची माणसं सूतकताईचे साचे चालवतायत!"

"नियम तुमचाच आहे ना? शरीर साठीचं झालं की निवृत्ती. करा सही."

तिने तोंडावरचा फडका सोडला. सुरकुत्या बघून डॉक्टरांनी नजर वळवली. इतकी वर्षं त्या फडक्याआड लपल्या होत्या. आणि सूतगिरणीत कापसाच्या तुसाने सगळ्यांचीच डोकी पांढरी, तिथे तिचे खरे पिकलेले केस कोण ओळखणार?

"बाई, अजून वेळ गेलेली नाही. आजपासून दुप्पट गोळ्या देतो, महिन्याभरात पुन्हा तरुण व्हाल. नाहीतर हातात उरली किती वर्षं? वीस?"

"वीस का होईनात, माझी असतील. हे म्हातारपण मी एकेक दिवस करून साठवलंय, डॉक्टर. तुमच्या गोळीवर उधळायला नाही."

सही घेऊन ती दुखऱ्या गुडघ्यांवर, ताठ मानेने बाहेर आली. दाराशी गोळीची रांग लागली होती. शेजारच्या कुंडीत ती रोज आपली गोळी थुंकायची. तिथल्या जास्वंदीचं पस्तीस वर्षांत एक पान पिवळं पडलं नव्हतं.

रांगेत सगळ्यात पुढे गुळगुळीत चेहऱ्याचा मोरबाळे होता, वय एक्क्याण्णव. त्याने तिच्या सुरकुत्यांकडे टक लावून पाहिलं, गोळी तोंडात टाकली, आणि कुंडीपाशी जाऊन वाकला.